भरलेला हौदा उचलताना : दहाचाकी डंपरच्या नमुन्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत वाचनालयाच्या मागे एक खोली आहे. दर रविवारी सकाळी तिथे मी मुलांना यंत्रांचे नमुने बांधायला शिकवतो. रबाळे एमआयडीसीतल्या टूल रूममध्ये नोकरी करून निवृत्त झालो. हातातलं काम सुटलं तरी डोक्यातलं सुटत नाही, म्हणून हा उद्योग. खोलीत एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात प्लास्टिकच्या ब्रिकचे अकरा डबे. काही लेगोचे, काही तशाच जोडणीच्या स्वस्त ब्रिकचे, आणि एक जुना डबा आखातातून परतलेल्या एका शेजाऱ्यांनी दिलेला. लेगोच्या आजच्या जोडणीचा पेटंट अर्ज १९५८ सालचा आहे. तेव्हापासून माप बदललेलं नाही, त्यामुळे त्या जुन्या डब्यातली ब्रिक कालच्या ब्रिकवर टक आवाज करून बसते. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हातात देऊन दाखवतो. माप सांभाळणं म्हणजे काय, हे त्याला तिथेच कळतं.

या प्रकरणातल्या मुलाला मी ओंकार म्हणतो. नावं सगळी बदलली आहेत. आठवीतला, घणसोलीत राहणारा. त्याचे वडील डंपर चालवतात. विमानतळासाठी ९० मीटरहून उंच असलेली उलवे टेकडी फोडली, तेव्हा तिथला दगड त्यांनी काही वर्षं वाहिला. आता खडी आणि क्रश सँडच्या फेऱ्या असतात, बहुतेक रात्रीच्या. दिवसा झोप. ओंकारला शाळेच्या डिसेंबरमधल्या विज्ञान प्रदर्शनासाठी पप्पांच्या गाडीचा नमुना करायचा होता. पुढच्या एक्सलला दोन आणि मागच्या दोन एक्सलना चार-चार चाकं असलेली दहाचाकी. शोभेची नव्हे. चाकं वळणारी, हौदा उचलणारी आणि खडी ओतणारी.

आम्ही जूनमध्ये सुरुवात केली. नमुन्याचं प्रमाण नेहमी चाकावरून ठरतं, कारण बाकी सगळं ब्रिकमधून घडवता येतं, टायर मात्र मिळेल त्या मापाचाच घ्यावा लागतो. कपाटात ६२.४ मिलिमीटर व्यासाचे टायर पुरेसे होते. ओंकारने आईची शिवणकामाची टेप नेऊन पप्पांच्या गाडीचा टायर मोजला, १०५ सेंटीमीटर भरला. म्हणजे प्रमाण साधारण १:१७. मग साडेसात मीटरची गाडी ४४ सेंटीमीटरची होते, म्हणजे ५५ भोकं. आमच्या खोलीत अंतर भोकांत मोजतात. एक भोक ते पुढचं भोक ८ मिलिमीटर.

भोकांच्या सरळ पट्ट्यांत सर्वांत लांब पट्टी १५ भोकांची असते. ५५ भोकांच्या चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, सांधे येणारच. वीटकामात गवंडी सांधेमोड करतो, उभे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसंच इथे करायचं. ओंकारने दोन थर केले आणि वरच्या थराचा सांधा खालच्या पट्टीच्या मधोमध आणला. आडव्या जोडण्या पिळू नयेत म्हणून कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या घातल्या. त्यासाठी ३-४-५ चा त्रिकोण, जो गवंडी दोरीने गुण्या तपासताना लावतो तोच. यात प्रत्येक मुलाची एक चूक ठरलेली असते आणि ओंकारचीही झाली. त्याने भोकं मोजली. मोजायची असतात भोकांमधली अंतरं. ३ अंतरांना ४ भोकं लागतात, ४ ला ५ आणि ५ ला ६. एक अख्खा तास पट्टी बसेना आणि तो प्रत्येक वेळी जरा जास्त जोर लावत होता. मी सांगितलं नाही. त्याचं त्यालाच सापडलं आणि त्याने तिथल्या तिथे दोन्ही बाजूंचे त्रिकोण लावून टाकले.

जॅक कुठे बसवायचा

सगळं प्रकरण इथे घडलं, म्हणून इथे थांबतो.

खऱ्या गाडीत हौदा हायड्रॉलिक जॅकने उचलतात. आपल्याकडे डंपरला सर्रास ‘हायवा’ म्हणतात, ते नावही गाडीचं नाही, असे जॅक बनवणाऱ्या मूळच्या डच कंपनीचं आहे. ओंकारच्या पप्पांच्या गाडीत जॅक केबिनच्या मागे, हौद्याच्या पुढच्या टोकाला उभा आहे. एकात एक बसलेल्या नळ्या, दुर्बिणीसारख्या बाहेर येणाऱ्या.

ब्रिकच्या दुनियेत जॅकचं काम करायला मुख्यतः दोन गोष्टी मिळतात. एक हवेचा सिलिंडर. तो मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे हौदा आधी हलत नाही आणि मग उडी मारून वर जातो, आणि अर्ध्यावर स्थिर ठेवणंही कठीण. दुसरी गोष्ट म्हणजे आत स्क्रू असलेला दांडा. एक टोक फिरवलं की दांडा बाहेर सरकतो. फिरवणं थांबवलं की आहे तिथेच राहतो, भाराने मागे येत नाही. टोकाला पोचल्यावर आतला क्लच घसरून टिकटिक आवाज येतो, म्हणजे मुलांनी जास्त फिरवलं तरी मोडत नाही. आमच्या कपाटात मोठ्या आकाराचा असा एकच दांडा होता. मुलं त्याला जॅकच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

अडचण त्याच्या लांबीची. तो साधारण ११ भोकांपासून १६ भोकांपर्यंत, म्हणजे फक्त ४ सेंटीमीटर लांबतो. पुढच्या टोकाला बसवून हौदा ४५ अंश उचलायचा तर १८ सेंटीमीटरच्या वर लांबणारा जॅक हवा. म्हणून तो हौद्याच्या खाली, मागच्या बिजागरीच्या जवळ बसवायचा ठरलं. बिजागरीपासून ८ भोकांवर वरचं टोक. इतक्या जवळ ढकललं की ४ सेंटीमीटरमध्येही हौदा ४६ अंशांपर्यंत जातो. कागदावर काढून पाहिलं, जमत होतं.

आणखी एक निर्णय त्याच दिवशी झाला आणि तो पूर्णपणे माझा होता. मला मागच्या चाकांपासून केबिनखालच्या इंजिनापर्यंत फिरणारा प्रोपेलर शाफ्ट हवा होता. गाडी ढकलली की इंजिनातले पिस्टन वरखाली झाले पाहिजेत. हा शाफ्ट चेसीच्या मधोमध जातो. जॅकही एकच, त्यामुळे तोही मधोमध. मग जॅक शाफ्टच्या वरून न्यावा लागला आणि जवळजवळ आडवा पडला. चेसीशी कोन जेमतेम २० अंश. मला तो लपलेला, सपाट जॅक फार आवडला होता. बाजूने पाहिलं तर दिसायचाही नाही.

अडचण

जूनपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही हौदा शंभरदा तरी उचलला असेल. प्रत्येक वेळी रिकामा.

भरून पाहायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला, किती भरायचं? ओंकार म्हणाला, पप्पांच्या गाडीत येतं तेवढं. मी त्याला हिशोब करायला लावला. १६ टन माल धरला आणि लांबी, रुंदी, उंची तिन्ही १७ पटींनी कमी केल्या, तर वजन १७ × १७ × १७, म्हणजे ४९१३ पटींनी कमी होतं. आलं सव्वातीन किलो. प्लास्टिकच्या पिनांवर सव्वातीन किलो दगड. आम्ही अर्ध्या किलोवर आलो. बांधकामाच्या जागेवरून आणलेली बारीक खडी आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून भरली आणि ओंकारने गिअरमधून जॅक फिरवणारा बाजूचा दांडा फिरवायला घेतला.

हौदा हलला नाही. चेसीची मधली जागा खाली दबली. जॅकचं खालचं टोक ज्या एका आडव्या पट्टीला टांगलं होतं ती धनुष्यासारखी वाकली, तिच्या टोकाची पिन अर्धी बाहेर आली आणि मग ८ दात्यांचा गिअर २४ दात्यांच्या गिअरवरून घसरू लागला. कट, कट, कट. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला कळेल की पोटात कसं होतं. ओंकारने दांडा सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. प्रदर्शनाला तीन रविवार उरले होते.

गिअर का घसरले हे समजायला सोपं आहे. या गिअरमध्ये दात्यांची संख्या आणि दातेरी वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास एकच असतो. ८ दात्यांची त्रिज्या ४ मिलिमीटर, २४ ची १२, बेरीज १६, म्हणजे बरोबर २ भोकं. चौकट सरळ असेल तोवर हे अंतर चोख राहतं. चौकट वाकली की अंतर एखाद्या मिलिमीटरने वाढतं आणि दाते एकमेकांना सोडतात. म्हणजे गिअर निर्दोष होते. त्यांना धरून ठेवणारी चौकट कमी पडली, आणि चौकटीवर जोर आला तो जॅकच्या कोनामुळे.

त्या दिवशी दुपारी घरी बसून मी जो हिशोब केला तो जूनमध्येच करायला हवा होता. हौदा ३५० ग्रॅम, खडी ५००, मिळून ८५० ग्रॅम. गुरुत्वमध्य बिजागरीपासून साधारण १०८ मिलिमीटरवर. जॅक ८ भोकांवर, म्हणजे ६४ मिलिमीटरवर ढकलतो खरा, पण २० अंशांत पडलेला असल्यामुळे बिजागरीपासून त्याच्या रेषेचं काटकोनी अंतर फक्त २२ मिलिमीटर. ८५० गुणिले १०८ भागिले २२. चार किलोंच्या वर. अर्धा किलो खडी उचलायला जॅकला चार किलोंचा जोर लावावा लागत होता. रिकाम्या हौद्याला तोच आकडा पावणेदोन किलोंच्या आत होता, आणि तेवढं चौकट सोसत होती. पाच महिने आम्हाला ती बरी दिसली ती त्यामुळे.

ओंकारचे पप्पा येतात

त्या आठवड्यात मी त्यांना फोन केला. इतके दिवस का केला नव्हता, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोपमोड नको, एवढंच मनात होतं.

ते रविवारी सकाळी दहाला गाडी लावून थेट आले. मुलांच्या लहान खुर्चीवर बसले, नमुना मांडीवर घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. फाळका उघडून पाहिला, बिजागरीवर बोट फिरवलं. मग ओंकारने रिकामा हौदा वर करून दाखवला आणि जॅक दाखवायला हात खाली घातला. त्यांनी त्याचा हात धरून बाहेर काढला.

“टेकू कुठाय?”

ओंकारला समजलं नाही.

“हौदा वर असला की टेकू लावल्याबिगर हात घालायचा नाही. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. बारक्या गाडीतबी नाही.”

मग मी अडचण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, भरलेली गाडी पहिली वीतभर उचलतानाच रडते. एकदा सुटली की मग काय नाही.”

माझ्या वहीतल्या आकड्यांचं हेच सार होतं. हौदा वर जाऊ लागला की जॅक उभा होत जातो आणि ते २२ मिलिमीटरचं अंतर वाढत वाढत शेवटी जवळजवळ तिप्पट होतं. शिवाय माल मागे घसरून बाहेर पडू लागतो. सगळा कस पहिल्या वीतभरात.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जॅक कधी एका पट्टीला टांगत नाहीत, त्याच्याखाली दोन्ही बाजूंच्या चेसीला धरून ठेवणारा भक्कम क्रॉस मेंबर असतो. आणि गाडी तिरपी उभी असेल तर हौदा उचलायचाच नाही, चेसी पिळते आणि गाडी आडवी होते. म्हणजे प्रदर्शनाचं टेबलही सपाट हवं. हे आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पर्याय

खडी काढून टाकायची आणि रिकामा हौदा उचलून दाखवायचा, हा सर्वांत सोपा मार्ग होता. मी तो बोलून दाखवला. ओंकार म्हणाला, “मग तो डंपर कसला?” विषय संपला.

फेविक्विक लावून सांधे पक्के करायचे, हे दुसऱ्या एका मुलाने सुचवलं. कपाटातल्या ब्रिक सगळ्यांच्या आहेत, चिकटवलेली ब्रिक पुढच्या मुलाच्या कामाची राहत नाही. शिवाय रोग चिकटपणाचा नव्हता, कोनाचा होता.

जॅक पुढच्या टोकाला न्यायचा, खऱ्या गाडीसारखा, हा पर्याय मला सगळ्यात जास्त खुणावत होता. तिथे बिजागरीपासूनचं अंतर इतकं मोठं की चारशे ग्रॅमच्या आत जोर पुरतो. चेसी वाकण्याचा प्रश्नच नाही. पण १८ सेंटीमीटर लांबणारा जॅक आमच्याकडे नव्हता. दोरी आणि कप्पी लावून टप्प्याटप्प्याने बाहेर येणाऱ्या पट्ट्या करता आल्या असत्या, पण ते नवं यंत्र झालं असतं आणि दोन रविवारांत नवं यंत्र करायला घेणं म्हणजे काहीच हाती न लागणं.

चौथा पर्याय असा. दोन जॅक घ्यायचे, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही अंगांना एकेक. शाफ्ट मधून जाईल, आणि जॅकची खालची टोकं आता शाफ्टच्या पातळीखाली नेता येतील. साधारण २ सेंटीमीटर खाली गेलं की कोन २० वरून ३५ अंशांवर येतो, काटकोनी अंतर २२ वरून ३६-३७ मिलिमीटरवर, आणि एकूण जोर चार किलोंवरून अडीच किलोंवर. दोघांत वाटून सव्वा-सव्वा किलो. किंमत अशी की हौदा आता ४६ ऐवजी ४१ अंशच उचलणार, जॅक बाजूने दिसणार, आणि अख्खी मधली चेसी खोलावी लागणार.

४१ अंशांत खडी घसरेल का, एवढाच प्रश्न होता. तो आम्ही काहीही खोलण्याआधी तपासला. हौदा काढून हातात धरला आणि भिंतीला टेकवलेल्या कोनमापकासमोर तिरका केला. निम्मी खडी अडकून राहिली. हौद्याच्या तळाला ब्रिकची बटणं होती, त्यांच्यामध्ये खडे रुतत होते. तळावर सपाट टाइल बसवल्या आणि पुन्हा केलं, तेव्हा ३० अंशांच्या आसपासच सगळी खडी सरसर खाली आली. ओंकारचे पप्पा म्हणाले, पावसाळ्यात माती अशीच हौद्याला धरून राहते.

चौथा पर्याय ठरला.

काय केलं

दुसरा जॅक कपाटात नव्हता. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मागवला, पार्सल गुरुवारी आलं आणि त्यात लहान आकाराचा निघाला. बदलून येईपर्यंत प्रदर्शन होऊन गेलं असतं. तेव्हा सातवीतली सायली पुढे आली. तिने स्वतःच्या पैशांतून घेतलेल्या एक्स्कॅव्हेटरच्या बूममध्ये तसाच जॅक होता. तो काढायचा म्हणजे बूम सगळी खोलायची. तिने एक रात्र विचार केला आणि शनिवारी जॅक रुमालात गुंडाळून आणला. तारीख घालून लिहून घेतलं की प्रदर्शन संपल्यावर दुसऱ्या दिवशी परत. ओंकारने सही केली, साक्षीदार म्हणून मीही.

त्या रविवारी आम्ही मधली चेसी खोलली. इथे एक चूक झाली. खोलण्याआधी फोटो काढले नाहीत. गिअरची साखळी परत लावताना एक २० दात्यांचा गिअर उलट्या बाजूला गेला, आणि दांडा उजवीकडे फिरवला की हौदा खाली येऊ लागला. शोधायला दीड तास गेला.

क्रॉस मेंबर ओंकारने आणि त्याच्या पप्पांनी मिळून बसवला. पाच भोकं रुंद, तीन भोकं उंच, चारही बाजूंनी बंद पेटी, दोन्ही चेसींना प्रत्येकी चार पिनांनी धरलेली. स्वस्त संचांतल्या पिना मी बाजूला काढायला सांगितल्या. बसताना टक आवाज न करणारी पिन ओढीखाली सैल होते. पप्पांचे हात मोठे, बोटं आत जात नव्हती. ते सांगत होते आणि ओंकार बसवत होता. आत्तापर्यंत मीच त्याला सांगत आलो होतो. त्या दिवशी मी चहा आणायला खाली गेलो आणि मुद्दाम उशीर केला.

दोन जॅक एकाच शाफ्टवर चढवले आणि पहिल्यांदा फिरवलं, तर हौदा तिरपा वर जाऊ लागला. एक जॅक दुसऱ्यापेक्षा दोन-तीन फेरे पुढे होता. दोन्ही पूर्ण आत घेऊन, क्लच टिकटिकेपर्यंत, आणि मगच गिअर जुळवायचे, हे नंतर सुचलं.

शेवटी टेकू. लाल रंगाची ११ भोकांची पट्टी, एक टोक चेसीला पिनेने अडकवलेलं, दुसरं टोक हौद्याच्या खालच्या खाचेत बसणारं. हौदा खाली असताना पट्टी चेसीवर आडवी निजते. बसवायला दहा मिनिटं लागली.

हौद्याचा एक प्रश्न राहिला होता. अर्धा किलो खडी त्या हौद्यात जेमतेम सेंटीमीटरभर थर भरते, दिसायला गाडी रिकामीच. तळ वर उचलून खोटा तळ करावा, म्हणजे गाडी शीग लावून भरल्यासारखी दिसेल, असं मी सुचवलं. ओंकारला ती फसवणूक वाटली. त्याच्या पप्पांनी वाद मिटवला. ते म्हणाले, गाडी काट्यावर जातेच, किती माल आहे ते पावतीवर लिहिलेलं असतं, तसं लिही. खोटा तळ केला आणि केबिनच्या दारावर वजनकाट्याच्या पावतीसारखी चिठ्ठी लावली. रिकामी गाडी, भरलेली गाडी, माल ५०० ग्रॅम. तीन ओळी.

निकाल

प्रदर्शन दोन दिवस चाललं. टेबल ओंकारने सोबत नेलेल्या पाणसळीने तपासलं आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. पहिल्या दिवशी हौदा ६३ वेळा उचलला. तो दर वेळी वहीत रेघ मारत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गिअर एकदा घसरला. पाहिलं तर क्रॉस मेंबर जागच्या जागी होता, एक बाहेरचा बुश, म्हणजे गिअरला जागेवर धरणारी कडी, सरकला होता. परत दाबून बसवला आणि संध्याकाळपर्यंत काही झालं नाही.

नमुना तालुक्याच्या प्रदर्शनाला निवडला गेला नाही. परीक्षकांनी विचारलं, हा मोटरवर का नाही? ओंकार म्हणाला, हाताने फिरवलं की पहिल्या वीतभराचा जोर हाताला कळतो, मोटर लावली तर कळणार नाही. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याचे पप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीवरून तसेच आले. मुलांची गर्दी होती, हौदा वर होता. त्यांनी गर्दीतून हात घालून लाल टेकू उभा केला आणि मग बाजूला जाऊन उभे राहिले.

सायलीचा जॅक दुसऱ्या दिवशी परत गेला. त्यामुळे नमुना आज एका जॅकवर, रिकाम्या हौद्यानिशी कपाटावर उभा आहे.

काय वेगळं करता आलं असतं

भार घालून चाचणी पहिल्या महिन्यात व्हायला हवी होती, तीही नमुना पूर्ण नसताना. फक्त बिजागरी, जॅक, दोन पट्ट्या आणि अर्धा किलो खडीची पिशवी. तेवढ्यावर चार किलोंचा जोर लगेच दिसला असता आणि खोलायला काही नसतं.

माझ्या शाफ्टचा हट्ट तपासला गेला नाही, कारण तो माझा होता. मुलं माझ्याशी वाद घालतात, पण मी एखादी गोष्ट प्रेमाने बोललो की घालत नाहीत. जॅक आधी आणि शाफ्ट नंतर, असा क्रम ठेवला असता तर कोन पहिल्यापासून बरा आला असता. पिस्टन वरखाली होणं ही गंमत होती, हौदा उचलणं हे काम होतं, आणि मी गंमतीला आधी जागा दिली.

ओंकारच्या पप्पांना जूनमध्ये बोलवायला हवं होतं. झोपेचं कारण मी पुढे केलं, पण त्यांना विचारलं असतं तर वेळ त्यांनीच सांगितली असती. ज्या माणसाने तो हौदा वर्षानुवर्षं उचलला, त्याचा मुलगा समोर बसलेला असताना मी कागदावर कोन काढत होतो. क्रॉस मेंबर, सपाट जमीन आणि टेकू, तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत मिळाल्या, आणि टेकू तर माझ्या वहीतल्या कुठल्याही हिशोबातून निघाला नसता.

दुसऱ्याचा जॅक उसना घेणं बरोबर होतं का, याबद्दल माझं मन अजून एका बाजूला झुकलेलं नाही. सायलीने मनापासून दिला. पण प्रदर्शनाच्या दोन दिवसांत तो तुटला असता तर एका मुलीच्या साठवलेल्या पैशांचं नुकसान झालं असतं, आणि ते आम्ही भरून देऊ का हे मी आधी ठरवलं नव्हतं. आता सोसायटीकडून थोडे पैसे घेऊन दोन मोठे जॅक मागवले आहेत.

पुढच्या टोकाच्या जॅकचा पर्याय ओंकारने सोडलेला नाही. गेल्या रविवारी तो डिझेलच्या पावतीचा कागद घेऊन आला. त्याच्या मागच्या बाजूला पप्पांनी स्वतःच्या गाडीचा जॅक पूर्ण वर करून, टेकू लावून, शिवणकामाच्या टेपने मोजलेली प्रत्येक नळीची लांबी लिहिली होती, पेनाने, एकाखाली एक.